पळसाचा पेटता चेंडू

पोलो या खेळाचे नाव निघताच सामान्य मराठी माणसाच्या मनश्चक्षूंपुढे जयपूरची विस्तीर्ण हिरवळ, पांढऱ्या विजारी व गुडघ्यापर्यंतचे तुकतुकीत बूट घातलेले राजपुत्र, मंडपात बसलेल्या महाराण्या, चांदीचे पेले आणि अलीकडच्या काळात किमती घड्याळांच्या व मद्यांच्या जाहिराती उभ्या राहतात. आणि म्हणूनच दीपनगरसारख्या, औष्णिक वीजकेंद्राच्या आश्रयाने भुसावळजवळ वसलेल्या, कोळशाच्या वाघिणींची ये-जा हाच जिचा दिनक्रम अशा वसाहतीत राहून या खेळाविषयी कोणी लिहू लागले, तर हा विषय आपल्या मुलखाचा नव्हे असे वाचकास वाटणे स्वाभाविक आहे. परंतु हे वैभवशाली चित्र फार झाले तर सव्वाशे-दीडशे वर्षांचे आहे. त्यामागे जी दीर्घ परंपरा पडलेली आहे तिचा माग काढीत गेल्यास तिचा एक धागा थेट आपल्या खानदेशच्या सुभ्यापर्यंत, तापी-पूर्णेच्या संगमापर्यंत आणि सातपुड्याच्या पायथ्याशी फाल्गुनात पेटल्यासारख्या दिसणाऱ्या पळसबनापर्यंत येऊन पोचतो, आणि दुसरा एक धागा आजही सारंगखेड्याच्या बाजारात हाताला लागतो.

इराणात व मध्य आशियात अश्वारूढ होऊन काठीने चेंडू टोलविण्याचा हा खेळ फार प्राचीन काळापासून चालत आला, आणि तुर्क सुलतानांबरोबर तो ‘चौगान’ या नावाने हिंदुस्थानात उतरला. दिल्लीच्या तख्तावरील पहिला सुलतान कुतुबुद्दीन ऐबक हा १२१० साली लाहोर येथे चौगान खेळत असताना घोड्यावरून पडून मृत्यू पावला, ही गोष्ट शालेय इतिहासातही सांगितली जाते. पण या खेळाचे बारकाईने केलेले वर्णन आपल्याला मिळते ते त्यानंतर जवळजवळ चार शतकांनी, अकबराचा सचिव व स्नेही अबुल फजल याच्या ‘ऐन-इ-अकबरी’ या ग्रंथात. बादशाही कारखाने, टांकसाळ, फीलखाना, तबेला, मोतद्दारांचे पगार व घोड्यांची चंदी यांच्या नोंदी करणाऱ्या या ग्रंथकाराने चौगानासाठी स्वतंत्र प्रकरण लिहावे, यातच त्या खेळाला दरबारात किती गंभीर स्थान होते ते दिसून येते.

या प्रकरणानुसार एका वेळी दहापेक्षा अधिक स्वार मैदानात नसत, पण कितीतरी स्वार सज्ज होऊन बाजूला उभे असत. एक घटका संपली की दोघांनी विश्रांतीस जावे आणि त्यांच्या जागी ताज्या दमाच्या दोघांनी उतरावे, असा नेम होता. चेंडू हद्दीच्या खुणेपार गेला की नगारा वाजे, जेणेकरून जवळच्या-दूरच्या सर्वांस ते कळावे. काठ्यांच्या टोकांना सोन्याचांदीच्या गुंड्या बसविलेल्या असत, आणि खेळाच्या धुमश्चक्रीत एखादी काठी मोडली तर तिचा तुकडा ज्याच्या हाती पडेल त्याने तो खुशाल ठेवून घ्यावा, अशी बादशहाची आज्ञा होती. याहून विलक्षण म्हणजे अंधाऱ्या रात्रीही हा खेळ चाले. त्यासाठी जे चेंडू घेत ते पळसाच्या लाकडाचे असत, कारण पळसाचे लाकूड वजनाला हलके असते आणि पेटविले असता बराच वेळ जळत राहते. काळोखात घोड्यांच्या टापांखालून सरपटत जाणारा तो पेटता गोळा, त्याच्यामागे धावणारे स्वार आणि त्या अग्नीला न बुजणारे घोडे! असा घोडा तयार करण्यास सवारी करणाऱ्याचा आणि त्याला खरारा करणाऱ्याचा किती काळ खर्ची पडत असेल, याची कल्पना घोड्याशी ज्याचा थोडाफार संबंध आला आहे त्यालाच करता येईल.

आता हा अबुल फजल आणि आपला खानदेश यांचा संबंध काय, असे कोणी विचारील. फारुकी घराण्याने थाळनेर व बऱ्हाणपूर येथून दोन शतकांहून अधिक काळ चालविलेले खानदेशचे राज्य अकबराच्या नजरेत भरले, तेव्हा १५९१ साली त्याने बऱ्हाणपूरला फारुकी राज्यकर्ता राजे अली खान याच्याकडे जो वकील धाडला, तो अबुल फजलचा वडील बंधू कवी फैजी हा होय. पुढे बादशाही फौजा दक्षिणेत उतरल्या, १६०० साली अकबर स्वतः बऱ्हाणपुरास येऊन राहिला, आणि १६०१ च्या जानेवारीत असीरगडाने मान तुकविली. त्या मोहिमेत अबुल फजल स्वतः हजर होता. याच ‘ऐन-इ-अकबरी’त खानदेश सुभ्याचेही वर्णन आहे, आणि त्यात चोपडे, थाळनेर यांसारख्या आपल्या ओळखीच्या गावांबरोबर तापी व पूर्णा यांच्या संगमावरील चांगदेवाचे पवित्र स्थानही नोंदलेले आहे. दीपनगरहून मुक्ताईनगरच्या वाटेने निघालेला माणूस आज ज्या संगमावर सहज जाऊन येतो, त्याची नोंद आणि पळसाच्या पेटत्या चेंडूची नोंद एकाच ग्रंथात व्हावी, हा योग मला फार मोलाचा वाटतो. पळस तर आपल्या दारचाच. आग्रा रोडवर शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या कुशीत, पळसनेर नावाचे गावच आहे.

असीरगड पडल्यानंतर अकबराने हा सुभा आपला पुत्र दानियाल याच्या स्वाधीन केला आणि त्याच्या नावावरून खानदेशास ‘दानदेश’ असे नाव दिले. या शाहजाद्याला हत्ती आणि घोडे यांचे अनावर वेड होते, आणि कोणापाशी उत्तम जनावर आहे असे कानी आले की ते आपल्या पागेत आणल्यावाचून त्यास चैन पडत नसे, असे त्याच्याविषयी त्याचा भाऊ जहांगीर याने आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. अतिरिक्त मद्यपानाने ऐन तारुण्यात तो बऱ्हाणपुरातच वारला. अबुल फजल तत्पूर्वीच, १६०२ साली, दक्षिणेतून परत जात असता वाटेत मारला गेला होता.

अबुल फजलने चौगानाच्या प्रकरणात आरंभीच एक विचार मांडलेला आहे, आणि तो या सबंध विषयाचा गाभा आहे असे माझे मत आहे. वरवर पाहणाऱ्यास हा निव्वळ करमणुकीचा प्रकार वाटेल, पण यातून स्वाराला तत्परता व निर्णयशक्ती यांचे शिक्षण मिळते, माणसामाणसांतील स्नेह दृढ होतो, आणि घोडा लगामाच्या अल्प इशाऱ्यास प्रतिसाद देण्यास शिकतो, असा त्याचा आशय आहे. खेळाची प्रतिष्ठा त्याने घोडा व स्वार यांच्या परस्परसाधनेवर उभी केली. ऐश्वर्यावर केली नाही, आणि तेही ज्या दरबारात ऐश्वर्याला तोटा नव्हता तेथे बसून, हे विशेष होय.

मराठ्यांच्या अश्वविद्येने याच साधनेची वेगळी वाट धरली. चेंडूमागे धावण्यापेक्षा एका मजलेत कोसच्या कोस तुडवून शत्रूच्या पिछाडीस अचानक उभे राहणे हे तिचे ध्येय, आणि भीमा खोऱ्यातील भीमथडी तट्टू हे तिचे वाहन. सभासदाच्या बखरीत शिवछत्रपतींच्या पागेची जी व्यवस्था दिली आहे तीत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांचा एक जुमला व दहा जुमल्यांचा एक हजारी सांगितला आहे. आणि त्याच दमात दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद नेमल्याचीही नोंद आहे. पाणी देणारा आणि नाल ठोकणारा यांना सरदारांच्या पंक्तीत बखरकाराने स्थान द्यावे, हे मला त्या राज्यकर्त्याच्या दृष्टीचे द्योतक वाटते. घोड्याच्या खुरात नाल नीट बसला नाही तर हजारीचा हुद्दा काय कामाचा?

मोगल सत्तेबरोबर उत्तर हिंदुस्थानातील चौगान मावळले. तो खेळ अखंड जिवंत राहिला तो दरबारापासून दूर, हिमालयाच्या उत्तरेकडील खोऱ्यांत आणि पूर्वेस मणिपुरात. मणिपुरात ‘सगोल कांगजेई’ या नावाने गावोगावचे लोक तो आपल्या लहानखुऱ्या, साडेबारा-तेरा मुठी उंचीच्या तट्टांवर खेळत. एका बाजूला सात गडी, गोलाचे खांब नाहीत, पायांत बूट नाहीत. चहाच्या मळ्यांच्या निमित्ताने कछारात गेलेल्या इंग्रजांनी तो पाहिला, आणि १८५९ साली सिल्चर येथे रॉबर्ट स्टुअर्ट व जोसेफ शेरर यांच्या पुढाकाराने त्यांचा पहिला क्लब निघाला. १८६२ साली कलकत्त्यास दुसरा निघाला. १८६९ साली इंग्लंडात घोडदळाच्या अधिकाऱ्यांनी तो प्रथम खेळून पाहिला, आणि नंतरच्या दशकात लंडनच्या हर्लिंगहॅम क्लबाने त्याचे नियम ठरविले. इंफाळच्या शेतकऱ्याचा खेळ अवघ्या दीड तपाच्या आत लंडनच्या उमरावांचा होऊन बसला.

या उमरावी पोलोशी महाराष्ट्राचा पहिला मोठा संबंध आला तो कज्जाच्या रूपाने, आणि तो कज्जा आपल्या क्रीडेतिहासात जितका सांगितला गेला पाहिजे तितका सांगितला गेलेला नाही. मुंबईच्या किल्ल्याबाहेरील एस्प्लनेडचे मैदान हे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पारशी, हिंदू व मुसलमान तरुणांच्या क्रिकेटचे माहेरघर होते. पारशांनी ओरिएंटल क्लब १८४८ साली काढला होता, आणि प्रभू ज्ञातीच्या तरुणांनी १८६६ साली बॉम्बे युनियन क्लब स्थापन केला होता. १८७५ साली युरोपियनांची बॉम्बे जिमखाना ही संस्था तेथेच उभी राहिली. जिमखान्याने क्रिकेटसाठी आपली राखीव हिरवळ जपली आणि पोलोसाठी मात्र देशी लोक जेथे खेळत त्या मोकळ्या भागाचा वापर सुरू केला. भरधाव तट्टांच्या टापांनी उकरलेल्या त्या जमिनीवर दुसऱ्या दिवशी क्रिकेटचा चेंडू कोठून कसा उसळेल याचा नेम राहिना, आणि आठ-आठ, दहा-दहा जणांच्या हौसेपायी शेकडो पोरांचा खेळ बंद पडण्याची पाळी आली.

शापूरजी सोराबजी नावाच्या पारशी गृहस्थाने या अन्यायाविरुद्ध कंबर कसली. १८८१ साली शेकडो देशी खेळाडूंच्या सह्यांचा अर्ज मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्याकडे गेला. त्यात पारशांबरोबर हिंदूही होते, आणि काँग्रेसच्या स्थापनेला अद्याप चार वर्षांचा अवधी होता हे ध्यानात घेतले म्हणजे त्या अर्जाचे महत्त्व कळते. सरकारने प्रथम अर्जदारांची बाजू रास्त मानून पोलोला दुसरीकडे जाण्याचा हुकूम केला. पण जिमखान्याच्या मंडळींचे वजन असे, की थोड्याच काळात तो हुकूम फिरला आणि तट्टे पुन्हा मैदानात आली. अर्ज, उत्तरे, स्मरणपत्रे यांचा हा सिलसिला पुढे कित्येक वर्षे चालला, आणि १८९७ साली शापूरजीने पारशांच्या क्रिकेटचा वृत्तांत लिहिला तेव्हा त्याने ग्रंथाच्या शीर्षकातच ‘युरोपियन पोलो विरुद्ध देशी क्रिकेट’ या झगड्याचा उल्लेख केला. त्या पुस्तकात तक्रार आहे, पण तिच्यात दीनपणाचा लवलेशही नाही. सार्वजनिक जमिनीवर सर्वांचा सारखा हक्क आहे ही जाणीव त्यात स्वच्छ दिसते.

अखेर सरकारने समुद्र हटवून तयार केलेल्या केनेडी सी-फेसच्या जमिनीवर निरनिराळ्या समाजांना निरनिराळे भूखंड दिले. १८८७ साली पारशी जिमखान्यास जागा मिळाली, त्यानंतर १८९२ साली इस्लाम जिमखाना आणि १८९४ साली हिंदू जिमखाना उभा राहिला. मरीन लाइन्सला उतरणाऱ्या प्रवाशास आजही हे जिमखाने ओळीने दिसतात. ज्या मैदानासाठी सर्वांनी एकत्र अर्ज केला होता त्या मैदानाचा प्रश्न अशा रीतीने धर्मवार वाटणी करून मिटविण्यात आला, आणि त्याच वाटणीवर पुढे क्रिकेटच्या तिरंगी, चौरंगी व पंचरंगी सामन्यांची इमारत चढली, जिच्यावर गांधीजींनी १९४० साली प्रतिकूल मत दिले. पोलोच्या वैभवाच्या कथा सांगताना घोड्यांच्या टापांखाली गेलेल्या या हिरवळीची आठवण ठेवणे मला आवश्यक वाटते. कारण अबुल फजलने ज्या खेळात माणसामाणसांतील स्नेह वाढताना पाहिला, त्याच खेळाने येथे एका शहराच्या मैदानावर रेघ ओढली.

संस्थानिकांच्या पोलोविषयी इतके लिहिले गेले आहे की मी त्यावर फार थांबत नाही. जोधपूरचे सर प्रतापसिंह, बडोद्याचे व ग्वाल्हेरचे मराठी दरबार, आणि सर्वांवर कळस म्हणजे १९३३ साली इंग्लंडच्या साऱ्या प्रमुख स्पर्धा जिंकून परतलेला जयपूरचे सवाई मानसिंह यांचा संघ, ही त्या काळाची ठळक चित्रे होत. हेच मानसिंह १९७० साली इंग्लंडात पोलो खेळतानाच वारले. या खेळाला खर्च का लागतो याचे कारण मात्र सांगितले पाहिजे. प्रत्येक बाजूस चारच गडी असले तरी मैदान सुमारे तीनशे यार्ड लांब. सात-साडेसात मिनिटांचा एक ‘चक्कर’ भरधाव धावल्यावर घोडा दमतो आणि लागलीच पुढच्या चक्करात उतरविता येत नाही. म्हणून एका खेळाडूपाशी अनेक घोडे, घोड्यांमागे मोतद्दार, त्यांच्यामागे नालबंद, वैद्य, चंदी आणि तबेला. पूर्वी घोड्याच्या उंचीवर मर्यादा होती तोवर लहान देशी तट्टाला वाव होता. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ती मर्यादा उठली आणि शर्यतीच्या रक्ताचे उंच, महागडे घोडे मैदानात आले. पोलोची झगमग वाढली ती तेव्हापासून, आणि मणिपुरी शेतकऱ्याचा त्याच्याशी संबंध सुटला तोही तेव्हापासूनच.

संस्थाने विलीन झाल्यावर हा डोलारा कोसळणे अपरिहार्य होते. १९५३ साली ग्वाल्हेर येथे निरनिराळ्या संस्थानी रिसाल्यांतून ६१ व्या कॅव्हलरीची उभारणी झाली आणि खेळाला सैन्याचा आधार मिळाला; १९५७ साली फ्रान्समधील दोव्हिल येथे भारतीय संघाने जागतिक अजिंक्यपदही मिळविले. महाराष्ट्रात हा खेळ आज मुंबईच्या महालक्ष्मीवर आणि पुण्याच्या परिसरात, मुख्यतः लष्कराच्या व मोजक्या क्लबांच्या आश्रयाने चालतो.

पण अश्वविद्या क्लबात संपत नाही. मार्गशीर्ष पौर्णिमेच्या सुमारास आमच्या तापीकाठी सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा भरते, आणि तिच्याबरोबर घोड्यांचा बाजार. खानदेशचे १९०६ साली पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले, पुढे त्यांचे जळगाव व धुळे जिल्हे झाले, १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार निघाला. शहादा तालुक्यातील हे गाव इतक्या हद्दी बदलूनही आपल्या जागी आहे आणि घोडे विकणारे मारवाड, काठेवाड, पंजाब व उत्तर प्रदेशातून येथवर येतच आहेत. चांगल्या जनावराची बोली लाखांत जाते. वर्तमानपत्रे तीच किंमत ठळक अक्षरांत छापतात; मला मात्र त्या बाजारात चालणारी परीक्षा अधिक विचार करावयास लावते.

एखादा म्हातारा जाणकार घोड्यापुढे उभा राहिला म्हणजे तो प्रथम काही बोलत नाही. अंगावरचे भोवरे कोठे आहेत, छातीवर देवमण आहे की नाही, चारही पाय व कपाळ पांढरे असलेला पंचकल्याणी आहे की कुमैत, अबलख, मुश्की की नुकरा, हे तो दृष्टीनेच टिपतो. मग ओठ वर करून दात पाहतो आणि वय सांगतो. मग पायावरून हात फिरवून खूर उचलतो, नाल पाहतो. आणि सरतेशेवटी चाल पाहण्यास सांगतो, दुडकी, चौखूर आणि सर्वांत अखेरीस रवाल, ज्या चालीत बसणाऱ्याला धक्का बसत नाही. भोवऱ्यांच्या शुभाशुभाशी माझ्यासारख्याचे एकमत नसेल. पण दात, खूर आणि चाल यांचे हे ज्ञान कोणत्याही पोलो क्लबच्या तबेल्यात उपयोगी पडेल इतके पक्के आहे, आणि ते ज्याच्यापाशी आहे त्याचा अंगरखा बहुधा मळका असतो. मुलाला शेजारी उभे करून तो हे सर्व दाखवितो, तेव्हा ‘ऐन-इ-अकबरी’तील तबेल्याच्या प्रकरणांत जे लेखणीने उतरले तेच येथे हाताने शिकविले जाते.

यातील बहुतेक घोडे पुढे वरातीत नाचण्यासाठी आणि हौसेच्या सवारीसाठी जातात. नाचविलेल्या घोडीचे मोल मोठे येते, म्हणून धावण्याची व वळण्याची तालीम मागे पडत चालली आहे, हे जाणकार खेदाने सांगतात. भीमथडीला अलीकडे देशी घोड्यांची स्वतंत्र जात म्हणून सरकारदरबारी मान्यता मिळाली, ही या दृष्टीने आनंदाची गोष्ट आहे. सारंगखेड्याला घोड्यांच्या शर्यती व नृत्याच्या स्पर्धा होतातच. त्यांच्या जोडीला देशी तट्टांवरचा, उंचीची जुनी मर्यादा पाळणारा, गावोगावच्या पोरांना परवडणारा चौगानाचा एखादा डाव नदीच्या वाळवंटालगत मांडता येणार नाही असे नाही. मैदान मोकळे आहे, स्वार आहेत, नालबंद आहेत, आणि चेंडूसाठी पळस सातपुड्यात मुबलक आहे.